टू-फोर डेज ओन्ली

व्हिसा मिळाला म्हणजे अमेरिकेत हवं तितकं राहता येतं, अशी पुष्कळांची समजूत असते. व्हिसा तुम्हाला फक्त दारापर्यंत नेतो. आत किती दिवस राहायचं ते दारातला अधिकारी ठरवतो. वाटलं तर तो सहा महिन्यांचा शिक्का मारतो, वाटलं तर महिन्याचा. ही माहिती आमचे जावई विक्रमराव यांनी फोनवर दिली आणि माझी झोप उडाली.

शहाण्णव सालची गोष्ट. आमची एकुलती एक सावनी मे महिन्याच्या मध्यावर बाळंत होणार होती आणि आम्ही दोघं एप्रिलच्या सुरुवातीला तिच्याकडे पोचणार होतो. बाळाचं तोंड बघायचं तर दोघांनाही सहा महिन्यांचा शिक्का हवा. माझी मला काळजी नव्हती. मी लखनौच्या संशोधन संस्थेत जन्म काढलेला माणूस, परदेशी पाहुण्यांशी इंग्रजीत वाद घातलेला. धोका एकच होता, आणि तो म्हणजे माझी बायको पद्मिनी.

गोमती नगरच्या आमच्या घरात रोज जेवणं झाली की मी टेबलाच्या पलीकडे अधिकारी होऊन बसत असे.

"हाऊ लाँग विल यू स्टे?"

"टू-फोर डेज ओन्ली," पद्मिनी म्हणायची.

"अगं, सहा महिने म्हण."

"अहो, परक्याच्या दारात उभं राहून सहा महिने राहते म्हणून कसं सांगायचं? त्याला काय वाटेल?"

"तो परका नाही, सरकार आहे."

"मग तर जास्तच लाज वाटेल."

यात तिचा दोष नाही, लखनौचा आहे. ती मूळची साताऱ्याची. पण लग्न होऊन इथे आल्यावर शेजारच्या श्रीवास्तवांकडून तिने इथली रीत उचलली ती कायमची. कुणाकडे गेलात की आल्या आल्या म्हणायचं, बस, दो मिनट. यजमानाने थांबायचा आग्रह करायचा. आपण नको म्हणायचं. त्याने पुन्हा आग्रह करायचा, आपण पुन्हा नको म्हणायचं. तिसऱ्या आग्रहाला मात्र मान तिरकी करून बसायचं आणि मग जेवूनच उठायचं. पहिल्याच आग्रहाला बसला तो उपाशी, आणि दोनच आग्रह करून थांबला तो चिक्कू, असा दोन्ही घरांचा पक्का हिशेब.

मी आमच्या शेजाऱ्यांना, हरिहरबाबू श्रीवास्तवांना मध्यस्थी करायला सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भाभीजी ठीक कह रही हैं, साहब. अफ़सर शरीफ़ होगा तो ख़ुद ही रोक लेगा." मी त्यांना चहाही विचारला नाही.

अखेर आम्ही निघालो. अमेरिकेच्या विमानतळावर त्या खिडकीपुढे मी मुद्दाम पुढे झालो. म्हटलं, मी आधी नीट बोललो की मागून हिचंही निभावेल. अधिकारी तरणा होता, टक्कल पडायला लागलेला. त्याने येण्याचं कारण विचारलं.

"वर्क," मी म्हणालो. आपण नाही का म्हणत, घरचं काम आहे, कामाने आलोय? त्यातलंच ते.

त्याने मान वर केली. "कसलं वर्क?"

"डिलिव्हरी वर्क," मी ठणकावून सांगितलं.

"काय डिलिव्हर करणार आहात?"

"मी नाही, माझी मुलगी करणार आहे, मे महिन्यात. मी मदतीला."

इथवर आल्यावर तरी मी गप्प बसायला हवं होतं. पण माणसाला आपलं ज्ञान गप्प बसू देत नाही. मी त्याला सांगितलं की नियमाप्रमाणे तो मला सहा महिने देऊ शकतो, मी सगळं वाचून आलो आहे. आपले नियम आपल्यालाच कुणी शिकवावेत, हे लखनौच्या कुठल्या बाबूला आवडतं? याला का आवडावं? त्याने एक महिन्याचा शिक्का मारला.

मग पद्मिनी पुढे झाली.

"टू-फोर डेज ओन्ली," ती अगदी हसतमुखाने म्हणाली.

"दोन की चार?"

"ॲज यू लाइक."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या तिकिटाकडे. परतीचं तिकीट सप्टेंबरचं होतं. "पण मुलगी तर मेमध्ये बाळंत होणार ना? चार दिवसांत काय होणार? सहा महिने घ्या."

"नो, नो. तुम्हाला त्रास."

"मला कसला त्रास? घ्या ना."

"नो, प्लीज."

"मॅडम," तो हात जोडायचाच काय तो बाकी राहिला, "प्लीज, राहा सहा महिने."

पद्मिनीने मान तिरकी केली. शिक्का उमटला. वर तो तिला 'एन्जॉय द बेबी' म्हणाला. मी तिथेच उभा होतो, मला काही म्हणाला नाही.

विक्रमराव म्हणाले, मुदत वाढवायला अर्ज करता येतो. ज्याने दारातच महिना म्हटलं, त्याच्या सरकारपुढे मी पुन्हा हात पसरणार नाही, असं मी ठणकावलं. सावनी रडली, तरी मी ऐकलं नाही. मेच्या सुरुवातीला मी लखनौला परतलो आणि पोळ्या करपवू लागलो. रोज संध्याकाळी हरिहरबाबू येत, करपलेली पोळी उलटून बघत आणि आपल्याकडे जेवायला चलण्याचा आग्रह करत. मी मात्र आता पहिल्याच आग्रहाला उठत होतो.

आणि एका सकाळी फोन वाजला.

"मुलगी झाली," पद्मिनी म्हणाली. "नाक तुमचं आहे, बिचारीचं. ऐका हं."

पाठीमागून ते इवलंसं रडणं ऐकू आलं आणि मीही रडलो. त्यात लपवण्यासारखं काही नाही. त्या नाकापासून मी इतका लांब होतो, आणि तेही माझ्याच तोंडामुळे.

"अहो, तुमचे हाल होत असतील. मी लवकर येऊ का?"

घर खायला उठलं होतं. ये, आजच ये, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण मीही इतकी वर्षं लखनौचंच पाणी प्यायलो आहे.

"छे, छे," मी म्हणालो. "माझं इथे उत्तम चाललंय. तू मुळीच घाई करू नकोस."

आणि रिसीव्हर कानाशी घट्ट धरून मी दुसऱ्या आग्रहाची वाट पाहू लागलो.

"बरं झालं बाई," पद्मिनी म्हणाली. "मग सहा महिने पुरे करूनच येते." आणि तिने फोन ठेवला.