हत्ती सरकला

मधुवंतीचा उजवा पाय हत्तीवर पडला, तेव्हा तिच्या खांद्याला लॅपटॉपची बॅग होती, एका हातात अर्धी पोळी, दुसऱ्यात फोन आणि डोळे फोनमध्ये.

"थांब, हलू नकोस," अक्का म्हणाल्या. "हललीस तर कासवही जाईल."

अक्का म्हणजे घरमालकीण सुमंगलाबाई. देवासच्या टेकडीखाली दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागची खोली धारहून इंटर्नशिपला आलेल्या या पोरीला दिलेली. चैत्रातली तीज झाल्यापासून अक्का रोज सकाळी ओट्यावर चैत्रांगण काढत आणि मधुवंती रोज ते न बघता ओलांडून जाई. डिझाइन शिकणाऱ्या मुलीला पायाखालची रांगोळी दिसू नये, हे तिचं तिलाच नंतर फार लागलं.

"सॉरी अक्का," ती म्हणाली आणि पाय अलगद उचलताना पहिल्यांदा नीट खाली बघितलं.

मधोमध झोपाळ्यावर गौर. भोवती सूर्य, चंद्र, शंख, नाग, आरसा, फणी, करंडा, आंबा, नारळ, गाईची पावलं. चाळिसापर्यंत मोजून तिचा हिशेब चुकला. खाली ठिपके नव्हते, खडूची रेघ नव्हती, काही पुसल्याची खूण नव्हती. कॉलेजात एवढ्या कामाला आठवडा लागला असता. अक्कांनी ते दूध तापेपर्यंत काढलं होतं, तेही शेजारणीशी बोलत बोलत. मधुवंतीची पोळी हातातच राहिली.

तिचं स्वतःचं काम याच्या निम्म्यानंही नव्हतं. एका नव्या दवाखान्यासाठी चोवीस चित्रं काढायची होती. बागलीकडच्या खेड्यांतून माणसं तिथे येणार, त्यातल्या बऱ्याच जणांना वाचता येत नाही, त्यांनी चित्र बघून योग्य दाराशी पोचायचं. शुक्रवारी ऑफिसच्या शार्दूल सरांनी तिची चित्रं फाटकाशी नेऊन लोकांना दाखवली. एक्स-रेच्या खोलीसाठी तिने हाडांचा पंजा काढला होता. तो बघून एक बाई म्हणाली, "ये तो मुर्दाघर है," आणि लेकराला घेऊन सरळ परत बसस्टँडकडे निघाली. सरांना तिच्यामागे धावावं लागलं.

"देख, एकेक मस्त आहे," सर नंतर म्हणाले होते, "पण सगळी एका खानदानची नाही वाटत. सोमवारपर्यंत बघ. नाही जमलं तर मी माझी जुनी लावतो. मग तुझ्या रिपोर्टवर सही कशाची करू?"

सही नाही म्हणजे वर्ष गेलं.

अक्का हत्तीची सोंड पुन्हा ओढत होत्या. मधुवंती पायरीवरच बसली.

"अक्का, हत्ती कुठे, फणी कुठे. एकमेकांशी काही रिश्ता नाही. तरी सगळी एका घरची कशी दिसतात?"

"तोंडं बघ ना त्यांची," अक्का म्हणाल्या. "सगळ्यांची गौरीकडे. महिनाभर माहेरी आलीये ती. ही सगळी तिला भेटायला आलेली. पाठ करून कोण बसेल?"

"आणि जागा कमी पडली तर?"

"कुणाला लहान नाही करायचं. शेजारचा सरकतो."

त्या शनिवारी मधुवंतीने ऑफिसला उशीर केला. चोवीस चित्रं तिने जमिनीवर मांडली. हाडं होती, सुई होती, बाटली होती, सूक्ष्मदर्शक होता. आजारी माणूस एकाही चित्रात नव्हता. तिला स्वतःची शरम वाटली.

रविवार संपेपर्यंत चोवीसही चित्रांत एकच बाई आली, डोक्यावर पदर घेतलेली. औषधाची खिडकी तिच्याकडे उघडत होती, नळ तिच्या ओंजळीकडे वळला होता, एक्स-रेचं यंत्र तिच्या छातीसमोर उभं होतं.

सोमवारी सर कागद घेऊन फाटकाशी गेले. मधुवंती चार पावलं मागे उभी राहिली. बागलीच्या बसमधून उतरलेल्या एका म्हाताऱ्या बाईने एक्स-रेचं चित्र हातात धरलं, बराच वेळ बघितलं.

"म्हारी छाती को फोटू याँ निकलेगो," ती म्हणाली आणि कुणाला न विचारता आत चालू लागली.

"हे सुचलं कुठून तुला?" सरांनी विचारलं.

"आमच्या ओट्यावरून."

सर हसले. त्यांना ती थट्टा वाटली. सही मात्र त्यांनी तिथेच, स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून केली.

वैशाखातल्या तिजेला चैत्रांगणाचा शेवटचा दिवस, आणि योगायोगाने मधुवंतीचाही. धारच्या बससाठी ती बॅग घेऊन दाराशी आली. आता तिचे डोळे आधी खालीच जात. हत्ती जागेवर नव्हता. तो चार बोटं सरकून कासवाला खेटला होता, आणि मोकळ्या जागेत एक पाऊल काढलेलं होतं. उजवं. अंगठ्याच्या चपलेच्या पट्ट्यासकट.

"अक्का, हे काल नव्हतं."

"काल तू कुठे चालली होतीस?" अक्का मशीनवरून म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नाही.

मधुवंती वाकून बघत राहिली. हत्तीवर पाय पडला त्या सकाळी ती घाईघाईने बाहेर निघाली होती, हे तिला पक्कं आठवत होतं. या पावलाची बोटं मात्र गौरीकडे होती.

तिने चपला काढून हातात घेतल्या आणि कडेकडेने ओटा उतरली.