सोयाबीनसाठी एक दाबा

वडिलांची तेरवी आटोपून मी हदगावहून लातूरला परतले. दुसऱ्याच दिवशी दुपारी बसवंतअण्णांचा नांदेडहून फोन आला.

"ताई, मशीन मुकं झालंय. फोन लागतो, पण पुढं कुणी बोलतच न्हाई. लोक इचारून राहिले, आज तुमच्या मशीनचं मौनव्रत हाय का म्हणून."

आमची छोटी संस्था शेतकऱ्यांना फोनवर बाजारभाव ऐकवते. मशीन नांदेडच्या कार्यालयात, अण्णांच्या ताब्यात. त्यातला प्रोग्रॅम मी लिहिलेला, आणि तो मी लातुरातल्या माझ्या खोलीतून सांभाळते. फोन लागला की आधी माझ्या वडिलांचा आवाज यायचा. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. "राम राम. मी हदगावहून वैजनाथ बोलतोय. सोयाबीनसाठी एक दाबा, कापसासाठी दोन, हळदीसाठी तीन." सुरुवातीला आवाज द्यायला कुणी मिळालं नाही, म्हणून घरीच रेकॉर्ड केला होता. मग तोच राहिला.

"बंद करून चालू करू का?" अण्णांनी विचारलं. "दर बारीला तेवढ्यानं भागतं."

"थांबा जरा. बघते."

मशीनच्या नोंदींत एकच तक्रार पुन्हा पुन्हा आली होती: फार फायली उघड्या आहेत. एका प्रोग्रॅमला एका वेळी किती फायली उघड्या ठेवता येतील, याला मर्यादा असते. ती गाठली की नवी फाईल उघडत नाही, मग भाव कुठून ऐकवणार. कोणत्या फायली उघड्या आहेत ते काढलं. तळाशी थोड्या फायलींवर करिश्माचं नाव होतं, आमच्या कार्यालयातल्या मुलीचं. त्याच्या वर पडदाभर एकच नाव, कितीही सरकवलं तरी तेच. दादांच्या आवाजाची फाईल. आणि प्रत्येक नावापुढे शेरा: पुसलेली.

"अण्णा, दादांची फाईल कुणी काढली?"



"मीच. तेरवीच्या आधी. हदगावचे दोघंतिघं म्हणले, माणूस गेलेला अन् सकाळी सकाळी राम राम घालतो, अंगावर काटा येतो. मला वाटलं, तुमच्याबी कानावर पडायला नको. करिश्माचा आवाज लावला." मग विचारलं, "चुकलं का, ताई?"

दुसरी प्रत कुठे असेल, ते मी आठवू लागले. माझ्याकडची मूळ प्रत जुन्या लॅपटॉपबरोबर गेली होती. मशीनचा बॅकअप रोज आदल्या दिवशीच्या बॅकअपवरच लिहिला जातो. दादांकडे साधा फोन होता. त्यावरही ते "जेवलीस का, ठेवतो" एवढंच बोलायचे. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता.

पण उघडी असलेली फाईल पुसली तर तिचं फक्त नाव जातं. जोवर एखादा प्रोग्रॅम ती धरून आहे, तोवर आतलं सगळं शाबूत असतं. माझा प्रोग्रॅम धरून होता. तो बंद झाला की संपलं.

"अण्णा, तुमचा हात कुठंय?"

"बटनावर."

"काढा."

"काढला."

चालत्या प्रोग्रॅमची मर्यादा तो न थांबवता वाढवता येते. लोक भावासाठी खोळंबले होते, म्हणून आधी ते केलं.

"आली, करिश्मा बोलून राहिली," अण्णा म्हणाले.

मग उघड्या फायलींतल्या एकीची प्रत माझ्याकडे ओढून घेतली. यादीतल्या आकाराशी ताडून पाहिली. बरोबर होती.

फायली का साठत होत्या, तेही सापडलं. आवाज शेवटपर्यंत वाजला की प्रोग्रॅम फाईल मिटायचा. पण शेवटपर्यंत कोण ऐकतं? दादांनी राम राम म्हणताच लोक एक दाबत, आणि अर्ध्यावर सोडलेली फाईल उघडीच राही. मधेच बटण दाबलं तरी फाईल मिटेल, अशी दुरुस्ती केली. ती लागू व्हायला मशीन एकदा बंद करावंच लागणार होतं. प्रत हाताशी होती, तरी थोडा वेळ त्या नावांकडे बघत बसले.

"करा आता बंद, अण्णा."

मशीन पुन्हा सुरू झालं, तेव्हा यादीत दादांचं नाव नव्हतं.

"ताई, त्यांचा आवाज परत लावू का? मी सांगतो लोकांना समजावून."

"नको. करिश्माचाच राहू द्या."

संध्याकाळी एक कप चहा केला, दार लोटलं आणि फाईल लावली. राम राम. सोयाबीन, कापूस, हळद. त्यापुढचं मी कधी ऐकलं नव्हतं. तेव्हा घाईत शेवट कापायचा राहिला होता. भांड्याचा आवाज आला. मग दादा, जरा लांबून, "नीट आलं का गं? न्हाई तर परत बोलतो."

आणि माझा आवाज, "आलं, दादा."