नऊ ओळी आणि एक शब्द

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, पण शाळेतला नाही. माझ्यावर कधी पाढे लिहिले गेले नाहीत आणि माझ्यासमोर कुणाला अंगठे धरून उभं केलं नाही. मी गोल्फच्या मैदानाच्या दारातला फळा. म्हणजे होतो. सध्या मी अवजारांच्या शेडपुढच्या चिखलावर पालथा पडलोय आणि लोक माझ्या पाठीवरून ये-जा करतात. पाठ लाकडाची आहे, ती दुखत नाही. राग मात्र येतो. लाकडाला राग येतो हे मलाही इथे पडल्यावरच कळलं.

माझा जन्म एका कपाटाच्या दारांतून झाला. एका डॉक्टरांनी गावाबाहेरची उताराची जमीन घेतली, तिथे नऊ भोकांचं छोटं मैदान केलं आणि सुताराला म्हणाले, "दारात लावायला एक फळा कर. आज मैदान कसं आहे ते लोकांना आत शिरण्याआधी कळलं पाहिजे." सुतारानं मला रंधा मारला, काळा रंग दिला आणि वरच्या बाजूला एक हातभर रुंद पट्टी सोडली. त्या पट्टीवर मालकाचं नाव. खालचा सगळा मी खडूसाठी.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांना सांगतो. मैदानात नऊ भोकं असतात, प्रत्येक भोकात एक झेंडा आणि झेंड्याभोवती हिरवळीचा एक तुकडा. तिथलं गवत तुमच्या नखाहून आखूड कापलेलं असतं. चेंडू त्यावरून घरंगळत भोकात जायचा असतो, म्हणून त्या तुकड्याचे लाड फार. आणि लाड करावेच लागतात, कारण तो दिसतो गालिचासारखा, पण असतो तान्ह्या बाळासारखा. ओल्या मातीवर माणसं चालली की माती विटेसारखी घट्ट होते. पाणी खाली जायला वाट उरत नाही, मग मुळं कुजतात. सगळ्यात वाईट म्हणजे वरून दोन-तीन आठवडे काहीच दिसत नाही.

हे सगळं मला माळीकाकांमुळे माहीत. ते इथले मुख्य माळी. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी यायचे, चपला काढून हातात घ्यायचे आणि नऊच्या नऊ हिरवळी अनवाणी फिरायचे. "पायाला कळतं ते बुटाला कळत नाही," असं त्यांचं म्हणणं. टाच दाबायची आणि बोटांच्या फटीतून पाणी वर आलं की त्या दिवशी ती हिरवळ बंद. मग पायाला गवताचे तुकडे चिकटलेले, असे ते माझ्यापुढे यायचे आणि नऊ ओळी लिहायचे. पहिली कोरडी, चेंडू पळेल. चौथीवर मुंग्यांनी घर केलंय, डावीकडून या. सातवी ओलसर, हळू. सगळ्यात खाली, मोठ्या अक्षरात, निकाल. निकाल तीनच असायचे. "खेळा", "जपून खेळा" किंवा "आज नको".

एकदा डॉक्टरांनी वाढदिवसाला पाहुणे बोलावले आणि नेमकं त्याच सकाळी माझ्यावर "आज नको" आलं. डॉक्टर बूट-बीट घालून, टोपी चढवून तयार.

"अरे बाबा, माझा आज वाढदिवस आहे."

"तुमचा आहे, साहेब. सातवीचा नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, काकांच्या चिखलानं भरलेल्या पायांकडे बघितलं आणि पाहुण्यांना घेऊन व्हरांड्यात चहाला बसले. त्या दिवशी मी असला फुशारलो की माझ्या फटी रुंदावल्या असतील.

सातवी म्हणजे तळ्याकाठची. सगळ्यात देखणी आणि सगळ्यात नाजूक. ती काकांनी स्वतःच्या हातानं लावली होती, त्यांच्या लेकीचा जन्म झाला त्याच वर्षी. ती लेक पुढे माझ्यावरच वाचायला शिकली. बापाच्या खांद्यावर बसून एकेक ओळ मोठ्यानं वाचायची आणि "मुंग्यांनी" वर अडकायची. नऊच्या नऊ ओळी वाचणारी तेवढी एकटीच.

कारण बाकीच्यांनी वाचणं कधीच सोडलं होतं. गाडीतून उतरायचं, माझ्या पायथ्याकडे एक नजर टाकायची, "खेळा" दिसलं की चालायला लागायचं. तो शब्द कधी चुकलाच नव्हता, मग वरचं कशाला वाचतील? लेक मोठी झाली, इथेच गवत कापायच्या यंत्रावर बसायला लागली, तेव्हा ती एकदा म्हणाली, "बाबा, वरचं कुणी वाचतच नाही."

"न का वाचेनात. आपण आहोत ना."

मलाही तेव्हा तो आपला मोठेपणाच वाटला. मित्रांनो, माझ्या गोष्टीतली चूक इथे आहे. पुढे जे झालं ते फक्त तिचं फळ.

डॉक्टर गेले. मैदान जावईबापूंकडे आलं. रंगारी आला आणि माझ्या पट्टीवर नवं नाव चढलं. जावईबापूंनी सहा माळ्यांचे तीन केले आणि हिरवळ सपाट करायचा चांगला रूळ विकून टाकला. मग मैदान दोन भावांनी घेतलं. ते एकमेकांशी बोलत नसत, त्यामुळे थोरला सांगायचा गवत वाढवा, धाकटा सांगायचा कमी करा, आणि काका दोघांना "बरं" म्हणून जसं ठेवायचं तसंच ठेवायचे. पाण्याचे नळ गळत होते ते गळतच राहिले. पुन्हा रंगारी. "माझं घर या फळ्यावर चालतं," असं तो हसत म्हणायचा. माझ्या कपाळावर तोवर रंगाचे एवढे थर चढले होते की नाव बदललं तरी डोकं जडच.

शेवटी कंपनी आली. कंपनी म्हणजे नक्की कोण, ते मला आजही ठाऊक नाही. ती स्वतः कधी आली नाही. तिचा मॅनेजर आला. इस्त्रीचा शर्ट, पांढरे बूट, आणि फिरायला फक्त डांबरी वाट. पांढऱ्या बुटांचा माणूस हिरवळीवर काय उतरणार?

कंपनीनं उद्घाटनाची स्पर्धा ठेवली. त्याआधी सलग तीन दिवस पाऊस कोसळला. स्पर्धेच्या सकाळी काका फिरून आले तेव्हा पोटऱ्यांपर्यंत चिखल होता. त्यांनी लिहायला घेतलं आणि सातव्या ओळीला खडू इतका दाबला की तो मोडला. "सातवी : पाणी वर येतंय. पाय ठेवू नका. ठेवलात तर मरेल." आणि खाली, "आज नको".

मॅनेजर धावत आला.

"काका, हे काय लिहिलंय?"

"आहे ते."

"ऐंशी माणसं येतायत आज. कंपनीची मोठी मंडळी आहेत."

"येऊ देत की. चहा पाजा."

"एका दिवसानं काय होतंय?"

"जे व्हायचं ते एका दिवसातच होतं, साहेब. निस्तरायला मग वर्ष जातं."

मॅनेजरनं मान हलवली आणि गोड आवाजात म्हणाला, "बघू आपण. तुम्ही तेवढं मागचं पाणी उपसायला घ्या." काका पंप घेऊन मैदानाच्या पार टोकाला गेले. बिचाऱ्यांना वाटलं, ऐकलं.

ते दिसेनासे झाले तसा मॅनेजरनं रुमाल ओला केला आणि "आज नको" पुसलं. फक्त तेवढंच. वरच्या नऊ ओळी त्याला माळ्यांचं आपापसातलं काहीतरी वाटलं असणार. मग खडू घेऊन त्यानं छान गोलाकार अक्षरात लिहिलं, "खेळा".

आता जरा डोळ्यांपुढे आणा. माझ्या अंगावर वर लिहिलंय, पाय ठेवलात तर मरेल. खाली लिहिलंय, खेळा. पहिलीतलं मूलही विचारेल, हे कसं काय? ऐंशी मोठी माणसं माझ्यासमोरून गेली. एकानंही विचारलं नाही. त्यांत एक निवृत्त मुख्याध्यापिकाबाई होत्या. दर आठवड्याला येणाऱ्या, दुकानाच्या पाटीवरचा ऱ्हस्व-दीर्घ चुकला तरी आत जाऊन सांगणाऱ्या. त्या सोबतच्या बाईंना म्हणाल्या, "एवढ्या पावसानंतर खेळता येईलसं वाटलंच नव्हतं. पण काकांनी खेळा लिहिलंय म्हणजे झालं." आणि गेल्या. मला तोंड नाही. माझ्याकडे बोलायला फक्त अक्षरं असतात, आणि ती तर तिथे होतीच.

लेकीनं लांबून पाहिलं की सातवीवर माणसं चढतायत. ती यंत्र सोडून दोन्ही हात हलवत, ओरडत धावली. लोकांना वाटलं, पोरगी काय उत्साही आहे. त्यांनीही तिला हात हलवून दाखवले.

पुढचे दोन आठवडे सातवी हिरवीगार. मॅनेजर डांबरी वाटेवरूनच म्हणाला, "बघितलंत काका? उगाच घाबरवता." काका रोज तिथे उकिडवे बसून मातीत सुरी खुपसत आणि सुरीचं पातं नाकाशी नेत. तिसऱ्या आठवड्यात पिवळे डाग पडले. मग काळे. मग इतका वास सुटला की झेंड्याजवळ कुणी थांबेना.

लोक चिडले, आणि चिडून आले ते माझ्यासमोरच. मुख्याध्यापिकाबाई पुढे होत्या.

"काका, तुम्ही खेळा लिहिलंत म्हणून आम्ही गेलो."

"तो शब्द माझा नव्हता, बाई."

"फळा तर तुमचाच ना?"

काकांनी ऑफिसच्या दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. मग ते हळूच म्हणाले, "वर सातवीचं लिहिलं होतं. ते पुसलेलं नव्हतं."

"वरचं आम्ही कधी वाचतो?"

हे बाई सहज बोलून गेल्या आणि मग उगाच पिशवीत चष्मा शोधू लागल्या. मागे उभी असलेली लेक तेवढी बापाकडे बघत होती, तेच जुनं बोलणं आठवत असल्यासारखी. पण बोलली नाही ती. एवढी माया तिच्यात होती.

दुसऱ्याच दिवशी मॅनेजरनं रंगाऱ्याला बोलावलं. या वेळी पट्टीसाठी नाही, पूर्ण माझ्यासाठी. खडूची भानगडच नको, म्हणाला. रंगाऱ्यानं मला चकचकीत ऑइलपेंट फासला आणि वर लिहिलं, "मैदान उत्तम स्थितीत आहे."

"रोज?" रंगाऱ्यानं विचारलं.

"रोज."

सकाळी काका आले, ओल्या पायांनी, सवयीनं. त्यांनी खडू टेकवला. ऑइलपेंटवर खडू धरत नाही, तो नुसता घसरतो. त्यांनी पुन्हा टेकवला, जोर लावला, एक बारीक किरकिर झाली आणि अक्षर काही उमटलं नाही. मग त्यांनी खडू खिशात ठेवला, चपला जमिनीवर ठेवून पायांत सरकवल्या आणि फाटकातून बाहेर पडले. इतक्या वर्षांत नऊ ओळी न लिहिता त्यांना चपला घालताना मी पहिल्यांदाच पाहिलं. ते परत आले नाहीत.

कंपनीनंही पुढे मैदान दुसऱ्या कंपनीला विकलं. या नव्या कंपनीनं दारात विजेचा एक उजळ पडदा लावला. त्यावर ऊन असो, पाऊस असो, उत्तमच लिहून येतं. मॅनेजर तोच राहिला. मला उपटून शेडपाशी आणलं आणि चिखलावर पालथं घातलं. म्हणजे माझं तोंड चिखलात, आणि त्या तोंडावर लिहिलंय, मैदान उत्तम स्थितीत आहे. हसायचं असेल तर हसा. मी हसून बघितलं, जमलं नाही.

लेक अजून इथेच कामाला आहे. परवा यंत्र दुरुस्त करणारे मिस्त्री माझ्यावर उभे राहून तिला विचारत होते, "काका कसे आहेत गं?"

"घरीच असतात. रोज संध्याकाळी एकच विचारतात, सातवी कशी आहे."

"मग काय सांगतेस?"

"पुन्हा मूळ धरतेय म्हणते."

मिस्त्री पान्याचं तेल पुसत राहिले. सातवीवर आता प्लास्टिकची हिरवळ अंथरली आहे, हे त्यांनाही माहीत होतं. ज्या घरानं माझ्यावर एक खोटं अक्षर लिहिलं नाही, त्या घरात आता रोज एक खोटं बोललं जातं. ते मॅनेजरच्या नावावर कोण लिहिणार?

काल सकाळी मात्र ती लवकर आली. चपला हातात. पायाला गवत चिकटलेलं. खिशातून खडूचा तुकडा काढला, मला वाटतं काकांच्या खिशात गेलेला तोच, आणि माझ्या पाठीवरची माती झटकली. पाठीला कुणी कधी रंग दिला नव्हता, त्यामुळे तिथे खडू छान धरला. तिनं नऊ ओळी लिहिल्या. सातवी अशी होती : "प्लास्टिकची. मेलेली आहे, त्यामुळे आता मरणार नाही."

मिस्त्री वाकून बघत होते. "आणि खाली? खेळायचं की नाही ते?"

"ते नाही लिहिणार."

"मग लोकांना कळायचं कसं?"

"वाचून."

दुपारी मॅनेजर शेडकडे आला. बूट चिखलात भरू नयेत म्हणून बेतानं माझ्यावरून चालत गेला आणि पाच ओळी त्याच्या तळव्यांना लागून गेल्या. आज सकाळी तिनं पुन्हा नऊ लिहिल्या.

मित्रांनो, मला उचला, पुसा, पुन्हा दारात लावा, असं काही मी मागत नाही. मी चिखलावर टाकलेली फळी आहे, माझ्यावरून खुशाल चाला. फक्त पाय टाकण्याआधी खाली बघा आणि वाचा. नऊच ओळी आहेत.