शर्टाची उजवी बाही

भरपाई मंडळाच्या निकालाचा कागद तिने पुन्हा एकदा वाचला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

'व्रण भरलेला व मऊ. हाताच्या हालचालीस बाधा नाही. अर्जदाराची तक्रार नाही. सबब भरपाई नामंजूर.'

"मऊ!" ती नवऱ्याला म्हणाली. "मऊ आहे म्हणे! अहो, रोज सकाळी तेल चोळून चोळून माझी बोटं झिजली, तेव्हा कुठे मऊ राहिलाय तो वण. आणि तक्रार नाही, हे कोणी सांगितलं यांना?"

तो खिडकीशी बसून डाव्या हाताने बुटांना पॉलिश करत होता. सैन्यातून सुटून वर्षं लोटली होती, पण बुटात तोंड दिसलं पाहिजे हा हट्ट सुटला नव्हता.

"साहेबांनी विचारलं, काही तक्रार? मी म्हटलं, नाही सर."

"का पण?"

"साहेबांनी विचारलं की तेच सांगायचं असतं," तो म्हणाला आणि ब्रश फिरवत राहिला.

यावर काय बोलणार, कपाळ! सैन्यात तो ट्रक चालवायचा. एकदा इंधनाच्या टाकीने पेट घेतला आणि उजव्या काखेपासून कोपरापर्यंतची कातडी गेली. नवी आली ती अपुरी. कापड कमी पडलं तरी शिंप्याने दामटून शिवून टाकावं, तशी. हात खाली असला की सगळं झाकलेलं. वर न्यायला गेला की काखेत कातडी ताणायची आणि चिरायची. त्या हाताने मोठ्या गाडीचं स्टिअरिंग फिरेना, म्हणून बाहेरही कोणी ड्रायव्हर म्हणून ठेवून घेतलं नाही. आणि हे म्हणतात, बाधा नाही!

संध्याकाळी अपीलतात्या आले. माजी सैनिकांच्या संघटनेतले हे गृहस्थ इतरांची अपिलं लढवून लढवून म्हातारे झाले होते. कागद वाचून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"वहिनी, तपासणीच्या दिवशी याचा शर्ट कोणी काढला?"

"मी. तिथल्या पडद्यामागे."

"आणि घातला?"

"मीच. रोज मीच घालते. उजवी बाही आधी, गोळा करून खालून चढवायची. हात वर जाऊच द्यायचा नाही. मग पाठीमागून डावी."

तात्यांनी मांडीवर थाप मारली. "झालं! म्हणजे डॉक्टरने फक्त हात खाली सोडून उभा असलेला माणूस बघितला. वहिनी, समोरच्या पार्टीला वकील कशाला हवा? तुम्ही आहात की!"

तिला हसू आलं नाही. ते शब्द काट्यासारखे रुतले, कारण खोटे नव्हते.

"आता एकच करा," तात्या आवाज खाली आणून म्हणाले. "अपिलाच्या सुनावणीपर्यंत तेल बंद. कडक होऊ दे वण, जाऊ देत तडे. मग बघू कसं मऊ लिहितात ते."

"तात्या," ती म्हणाली, "चहा संपवा आणि निघा."

"अहो, मी तुमच्या भल्यासाठी..."

"माझ्या हाताने त्यांना जखम करू? चहा संपवा."

रोज पहाटेची तिची प्रार्थना कधी चुकली नव्हती. पण त्या दिवसांत ओठांवर देवाचं नाव आणि मनात त्या मंडळाला शिव्या, असं चाललं होतं. प्रार्थना झाली की ती तेलाची वाटी घ्यायची आणि रोजच्याइतक्याच हलक्या हाताने वण चोळायची.

सुनावणीच्या खोलीत लांब टेबल, मागे तीन खुर्च्या, कोपऱ्यात घडीचा पडदा. मधल्या खुर्चीत अध्यक्ष, निवृत्त अधिकारी. एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला लिहून घेणारा कारकून. दारातून आत येताच नवऱ्याच्या टाचा खाडकन जुळल्या.

"बसा, बसा," अध्यक्ष म्हणाले. तो उभाच राहिला.

"काही तक्रार?"

"नाही सर."

तरीही अपील लढवायला येऊन भिंतीशी बसलेल्या तात्यांनी डोळे मिटून घेतले.

"शर्ट काढा," डॉक्टर म्हणाला, आणि ती सवयीने उठली. डोकं चालायच्या आत हात चालले. पडद्यामागे तिने शर्ट उतरवलासुद्धा. डॉक्टरने बोटाने वण दाबला, फूटपट्टी लावली.

"छान मऊ आहे. निगा चांगली ठेवलीय. ठीक, घाला शर्ट."

तिने शर्ट उचलला. उजवी बाही गोळा केली. आणि थांबली. मग बाही सरळ केली, शर्ट नवऱ्याच्या डाव्या हातात दिला, पडदा ओढून बाजूला केला आणि जाऊन आपल्या खुर्चीवर बसली. हात दगा देतील म्हणून मांड्यांखाली दाबून.

तो तिच्याकडे बघत राहिला. ती हलली नाही, तेव्हा त्याने डावी बाही चढवली. शर्ट पाठीवर टाकला. उजवा हात मागे बाही शोधू लागला. बाही लोंबत होती, हात पोचत नव्हता. त्याने पुन्हा सगळं काढलं. या वेळी उजवी आधी. ती कोपरावर अडकली. झटका दिला, तशी काखेतली कातडी ताणली. मान ताठ, नजर समोर, कपाळावर घाम.

कारकुनाला राहवलं नाही. तो मदतीला उठला.

"बसा खाली!"

असा आवाज आपल्या गळ्यात आहे हे तिला माहीत नव्हतं. कारकून मटकन बसला.

"कोणी हात लावायचा नाही!"

"बाई, हे काय चाललंय?" अध्यक्ष म्हणाले.

"शर्ट घालणं चाललंय, साहेब. बाधा नाही म्हणून तुम्हीच लिहिलंय ना? मग बघा. मी रोज बघते."

काखेतून रक्ताची बारीक रेघ बरगडीवर उतरली. चार लोकांदेखत आपण नवऱ्याला उघडं ठेवलंय हे तिला कळत होतं. तिला राग त्या टेबलाचा आला, फूटपट्टीचा आला, तात्यांचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या ताठ मानेचा आला. अहो, बोला ना! एकदा तरी बोला!

त्याचा हात खाली पडला. शर्ट जमिनीला लागला.

"अगं," तो टेबलाकडे न बघता म्हणाला, "ये ना. दुखतंय."

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण हा शब्द तिने त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. ती उठली. पदराने रक्त टिपलं, उजवी बाही गोळा केली, खालून चढवली. मग पाठीमागून डावी.

डॉक्टर मान खाली घालून म्हणाला, "हात वर करायला लावून तपासायला हवं होतं."

"मागच्या वेळीच," ती म्हणाली.

अध्यक्षांनी घसा साफ केला. "आधीचा अहवाल रद्द. अपील मंजूर, हालचालीस बाधा आहे असं लिहा."

कारकुनाने लिहिलं आणि पेन थांबवलं. "सर, पुढचा रकाना. अर्जदाराची तक्रार?"

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. सवयीने त्याच्या टाचा जुळल्या. तिने वरच्या बटणावरचे हात तसेच धरले आणि त्याच्या डोळ्यांत रोखून पाहिलं.

"आहे, सर," तो म्हणाला.

तिने बटण लावलं. राग उतरला नव्हता.