जलतरंगाचा गट

मेधा पेटी चांगली वाजवायची. अडचण एवढीच, की बहारीनच्या मराठी मंडळात पेटी चांगली वाजवणारी आणखीही मुलं होती. १९८३च्या वार्षिक स्पर्धेत पेटीच्या गटात तिचा तिसरा नंबर आला. तिचे वडील विलास बँकेत अकाउंटंट होते. घरी आल्यावर कुठल्या गटात किती मुलं होती, एवढंच त्यांनी विचारलं.

"पेटीत गर्दी आहे," ते म्हणाले. "सतारीतही दोघं तयार आहेत. जलतरंगात कोणीच नाही. पुढच्या वर्षी तू जलतरंग."

"पण बाबा, आय लाइक पेटी."

"पहिला नंबर नाही आला तर परत पेटी. प्रॉमिस."

पेटी कपाटावर गेली आणि मेधाच्या आईचा, हेमाचा, जपानी डिनर सेट खाली आला. मनामाच्या बाजारातून आणलेला हा सेट पाहुण्यांसाठी जपलेला होता, त्यामुळे तो एकाही पाहुण्याने पाहिला नव्हता.

"मग सूप कशात द्यायचं?" हेमाने विचारलं.

"आपण सूप करतो कधी?"

वाटीत पाणी वाढवलं की स्वर उतरतो, कमी केलं की चढतो. मेधाला हे शिकायला फार दिवस लागले नाहीत. पण नाव द्यायला गेल्यावर मंडळाच्या सेक्रेटरींनी नियम सांगितला: तीन स्पर्धक नसतील तर गट रद्द.

विलास दोन स्पर्धक शोधायला निघाले. त्यांना वाजवता यायला हवं होतं, पण मेधाइतकं नको होतं. वरच्या मजल्यावरचा शैलेंद्र लगेच मिळाला. त्याला ताल ही गोष्टच मान्य नव्हती. मग ते नईम भागात विठ्ठल शिंप्यांच्या दुकानात गेले. विठ्ठल चिपळूणकडचे. त्यांची मुलगी रंभा मेधापेक्षा थोडी लहान होती.

"साहेब, तिनं आजपर्यंत वाट्या फक्त घासल्यात," विठ्ठल मशीन थांबवून म्हणाले.

"उत्तम," विलास म्हणाले आणि सावरले. "म्हणजे, पाटी कोरी आहे. मेधा शिकवील. ने-आण मी करीन."

"एवढं कशापायी साहेब?"

"कलेसाठी."

विठ्ठलनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग मी पण कलेसाठी तुमची पँट सैल करून देतो. काचतेय ती."

दर शुक्रवारी रंभा येऊ लागली. "तिला सा रे ग म पुरे," विलासनी मुलीला बजावलं. मेधाला मात्र प्रॉमिस आठवत होतं. मुद्दाम चुकणं सोपं वाटत होतं, पण तिला ते जमण्यासारखं नव्हतं. मग एकच मार्ग उरत होता. वाटी वाजवल्यावर लगेच काडीचं टोक पाण्याला टेकवून स्वर वाकवायचा कसा, हेही तिने रंभाला शिकवलं. थोड्याच दिवसांत रंभा म्हणू लागली, "मेधाताई, तिसऱ्या वाटीत चमचाभर जास्त झालंय." आणि खरंच झालेलं असायचं.

स्पर्धेत शैलेंद्र त्याच्या तबलजीच्या आधीच संपला. मेधा चांगली वाजवत गेली. आपल्याला हरायचं आहे हे ती मध्येच विसरली. मग रंभा बसली. तिने पहिला स्वर वाकवला तेव्हा परीक्षकांनी पेन्सिल खाली ठेवली.

रंभा पहिली आली, मेधा दुसरी.

परतताना विठ्ठल गाडीत मागे बसून म्हणाले, "साहेब, पुढच्या वर्षी पण पोरीला शिकवा हां."

"इंशाल्ला," विलास म्हणाले. नाही म्हणायची ही पद्धत त्यांना बहारीनने शिकवली होती.

घरी आल्यावर मेधा म्हणाली, "बाबा, प्रॉमिस."

"अगं, पेटीच," विलास म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम खुलला. "आज पाहिलंस का? पेटीत जेमतेम तिघं. बाकी सगळे सतार, बासरी, व्हायोलिनकडे पळालेत. सगळ्यांनी माझ्यासारखाच हिशेब केला. आता पेटीत गर्दीच नाही."

आपल्याला पेटी का हवी आहे ते सांगत न बसता मेधा उठली. स्टूल घेऊन तिने पेटी खाली काढली. दमट हवेने एक पट्टी अडकली होती, ती बोटाने मोकळी केली आणि सा लावला.

विलासनी घाईघाईने खिडकी बंद केली. "हळू वाजव. वरच्यांना कळलं तर शैलेंद्रलाही पेटीवर बसवतील."

मेधाने भाता पुरता उघडला.