खाटेचा कठडा

बायको गेल्यापासून माझी करंगळी बधिर आहे. हातातून स्क्रू ड्रायव्हर निसटतो. मी वायरमन, हात गेला तर काम गेलं. दवाखान्यात नसा तपासणाऱ्या बाईंनी हाताला विजेचे बारीक झटके दिले.

"जन्मभर झटके चुकवले, आज स्वतःहून घ्यायला आलो," मी म्हणालो. "कुठं तुटलीय वायर?"

"काका, नस म्हणजे वायर नव्हे. ती टप्प्याटप्प्यावर स्वतःच वीज नव्यानं तयार करत पुढे नेते. तुमची नस कोपरापाशी दबलीय, तिथं वीज रेंगाळतेय. कोपर कशावर टेकवता?"

"बायकोच्या खाटेच्या कठड्यावर. आजारपणात तिचा हात धरून बसायचो."

"आणि आता?"

"आताही तिथंच बसतो."

"ते सोडा, हात सुधारेल."

घरी येऊन चारदा बसलो, चारदा उठलो. शेवटी पान्यानं कठडाच काढला, आणि हात गादीवर ठेवून बसलो.