डाग माझा नव्हता

नखाएवढा संवेदक आहे मी, मित्रांनो, आणि चांगलाच जुना. एका मोठ्या दुर्बिणीच्या पोटात बसून मी अवरक्त प्रकाश टिपतो, म्हणजे तुमच्या डोळ्यांना न दिसणारा, उबेचा उजेड. माझंच अंग तापलं, तर त्या उबेपुढे मला दुसरं काही दिसत नाही. म्हणून तंत्रज्ञ मामा रोज माझ्या पोलादी भांड्यात अतिथंड द्रव ओततात. ओतताना माझी विचारपूसही करतात.

नवा होतो तेव्हा माझं कोण कौतुक! पुढे माझ्या एका कोपऱ्यातले प्रकाश टिपणारे ठिपके निकामी झाले. मी टिपलेल्या प्रकाशाच्या आलेखात तिथे खोटाच उंचवटा उमटे, म्हणून सगळे त्याला डाग म्हणत तो भाग सरसकट पुसू लागले. मला ते फार लागलं, पण सांगणार कोणाला?

मग संशोधक बाई आल्या. अतिदूरच्या एका दीर्घिकेत त्या कार्बनचे मोठे रेणू शोधत होत्या, दिव्याच्या काजळीत असतात तसे. हे रेणू ठरावीक अवरक्त प्रकाशाने चमकतात आणि आलेखात तेवढ्या जागी उंचवटा येतो. तीन वर्षांच्या खटपटीनंतर तो आला, आणि नेमका माझ्या डागावर!

"हा म्हाताऱ्याचा डाग आहे," वेधशाळेचे साहेब म्हणाले. "पुसून टाका. या आठवड्यात यालाही काढू."

बाईंचा चेहरा पडला. मामा मात्र पुढे सरसावले. "साहेब, याच्या खोडी मला तोंडपाठ आहेत. याचा डाग जागचा हलत नाही. दीर्घिकेचा उजेड जरा बाजूला पाडून बघा ना. उंचवटा तिथेच राहिला तर डाग, उजेडाबरोबर सरकला तर खरा."

दुसऱ्या दिवशी नवा आलेख पडद्यावर आला. डाग मुकाट जागेवर होता. त्याच्या शेजारी, माझ्या निकोप भागात, दीर्घिकेचा उंचवटा ऐटीत उभा होता.

 मामांनी हळूच विचारलं, "बाई, हा उजेड निघाला तेव्हा आपली पृथ्वी केवढी होती हो?"

"नव्हतीच, मामा. सूर्यसुद्धा नव्हता."

मी शहारलो, आणि ते थंडीने नव्हे. कुठल्या त्या काजळीचा उजेड, आणि कुठे येऊन टेकला!

साहेबांनी पडद्यावरचे दोन्ही उंचवटे बोटाने मोजले. मग म्हणाले, "राहू दे याला."

मित्रांनो, जुन्या वस्तूला खोटं ठरवण्याआधी तिची रोज निगा राखणाऱ्याला एकदा तरी विचारा. मला बोलता येत नव्हतं. मामा गप्प बसले असते, तर सूर्याच्याही आधी निघालेला तो उजेड आम्ही पुसून टाकला असता.